बर्फाने नेलं तिथे

हात खिशातून काढू नका. ३० ऑगस्ट १८७३ची दुपार आहे आणि तुम्ही ‘टेगेटहोफ’च्या कठड्याला टेकून उभे आहात. जहाज म्हणायचं ते सवयीने. चालणं त्याने कधीच सोडलंय. गेल्या ऑगस्टमध्ये नोवाया झेम्ल्याजवळ बर्फाने धरलं ते धरलंच. उन्हाळाभर तुम्ही करवती चालवल्यात, सुरुंग लावलेत. सुटका नाही. जहाज पोटात घेऊन बर्फच निघालाय, त्याच्या मनाला येईल तिकडे. आला होतात आशियाच्या डोक्यावरून पूर्वेची वाट शोधायला!

शेजारचा खलाशी एड्रियाटिक किनाऱ्याचा. डेकवर हुकूम इटालियनमधून सुटतात. कप्तान वायप्रेख्त आणि लेफ्टनंट पायर आपसात जर्मन बोलतात.

वायव्येकडचं धुकं विरळ होतं. आधी नुसती काळी रेघ. ढग असेल, असे ढग फार पाहिलेत. पण रेघेला कडे फुटतात, मग शिखरं दिसतात. कुणीतरी ओरडतं, ‘जमीन!’ आजारी माणसंही धडपडत वर येतात. ग्रॉगचे पेले भरले जातात आणि ऑस्ट्रियाच्या सम्राटाचं नाव त्या कड्यांना चिकटतं : फ्रान्झ जोसेफ लँड. अक्षांश ७९ अंश ४३ मिनिटं.

बारसं झालं, पण बाळाला हात कोण लावणार? मधला बर्फ फुटका, होडी चालेना, पाय टिकेना. दोन महिने तुम्ही नुसते बघत राहता. नोव्हेंबर उजाडतो, म्हणजे उजाडत नाहीच. सूर्य आता महिनोन्महिने येणार नाही. तेवढ्यात बर्फच तुम्हाला एका बेटाच्या दाराशी आणून सोडतो. मोहिमेला पैसा पुरवणाऱ्या काउंट विल्चेकचं नाव त्याला मिळतं. (जवळच विल्चेक लँड म्हणून दुसरं, कितीतरी मोठं बेट आहे, नकाशात फसू नका.) संधिप्रकाशात तुम्ही खडकावरून हात फिरवता. बोटांना दगडफूल लागतं, आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचं लांबचं भावंड. झाड नाही, माणूस नाही. तरी पायाखालचं हलत नाही, हीच चैन.

मार्चमध्ये याच बेटावर तुम्ही इंजिनियर ओटो क्रिशला दगडांखाली ठेवता. क्षयाने गेला.

२० मे १८७४ला जहाज सोडून तुम्ही तेवीस जण होड्या ओढत दक्षिणेला निघता. दोन महिने ओढल्यावर अंतर मोजता : जहाजापासून जेमतेम पंधरा किलोमीटर. वारा दक्षिणेकडूनच वाहतोय.