पत्रिका जुळली, रक्ताचं काय?

लग्न जमवताना आपल्याकडे पत्रिका बघतात, जमीन बघतात, मुलीचा रंगसुद्धा बघतात. रक्त तपासा म्हटलं की मात्र भुवया वर जातात. जणू काही नवंच खूळ! म्हणून आज आम्ही तुम्हाला मुंबईत, गिरगाव आणि परळला नेतो.

महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथराव विल्सन कॉलेजात गणित शिकवायचे. १९२१ साली त्यांनी गिरगावात संततिनियमनाचं केंद्र काढलं. जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. गुप्तरोगांवर ते उघड लिहीत. लोकांनी नाकं मुरडली, अश्लील लिखाणाचे खटलेही झाले. त्या वेळी पेनिसिलिन नव्हतं. नवरा बाहेरून गरमी घेऊन यायचा, ती बायकोला लागायची. मग गर्भ पडायचे, मूल मेलेलं जन्मायचं. आणि पांढऱ्या पायाची कोण ठरायची? बायकोच.

मुंबईतच १९५२ साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक दुर्मिळ रक्तगट जगापुढे आणला. त्याला आजही ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणतात. हा काही आजार नव्हे. पण तो यायला आई आणि बाप, दोघांकडूनही त्याचा अंश यावा लागतो. थॅलेसेमिया आणि सिकलसेलचं असंच आहे. परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात रक्ताच्या आजारांवर काम करणारी सरकारी संशोधन संस्था आहे. १९५७ साली ती रक्तगटांचं केंद्र म्हणून सुरू झाली, पुढे या दोन्ही आजारांवरही तिथे काम झालं.

वाहक म्हणजे रोगी नव्हे. तो शेतात राबतो, त्याला काही जाणवत नाही. नवरा-बायको दोघंही वाहक असले, तर दर बाळंतपणात चारात एक धोका. मामा-आत्याच्या नात्यात लग्न झालं तर दोघं वाहक असण्याचा संभव वाढतो. थॅलेसेमियाच्या लेकराला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. घरात म्हणतात, “सुनेच्या माहेरचं आलं.” अहो, निम्मं तुमच्या मुलाचं आहे!

मुलगी वाहक निघाली आणि मुलगा या दोन्हींतून मोकळा असला, तर मूल फार तर वाहक होईल, रोगी नाही. तेवढ्यावरून सोयरीक मोडू नका. चिठ्ठी मागायची तर दोघांची मागा. सिकलसेलची पहिली तपासणी सरकारी दवाखान्यात होते. दोघंही वाहक असून लग्न करायचंच असेल, तर दिवस राहिल्याबरोबर मोठ्या रुग्णालयात जा. गर्भाची तपासणी दहाव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास करतात, तेव्हा डोहाळजेवणापर्यंत थांबू नका.