मुद्रा, मणी, मृण्मूर्ती : लहान पुरावस्तूंचा संग्रह आणि त्याच्या मर्यादा

दक्षिण आणि मध्य आशियातील आद्य संस्कृतींच्या लहान पुरावस्तूंना, म्हणजेच मुद्रा, मणी, वजने, मातीच्या भाजलेल्या मूर्ती आणि तांब्याच्या हत्यारांना, जगभरातील संग्राहकांत मागणी आहे. दगडी शिल्पांच्या तुलनेत या वस्तूंना जागा कमी लागते आणि त्या खिशातूनही नेता येतात. नेमक्या याच कारणाने त्यांची लूट सोपी ठरते.

प्रमुख वस्तू

बलुचिस्तानात बोलन खिंडीजवळ मेहरगढ येथे इ. स. पू. ७००० च्या सुमारास शेतकऱ्यांची वस्ती होती. १९७४ पासून झाँ-फ्रान्स्वा जारिज यांच्या पथकाने तेथे उत्खनन केले. या प्रदेशातील उत्तरकालीन स्त्री-मृण्मूर्ती त्यांच्या ठसठशीत केशरचनेमुळे ओळखल्या जातात.

सिंधू संस्कृतीच्या नागर कालखंडातील (इ. स. पू. सुमारे २६०० ते १९००) मुद्रा बहुधा स्टिएटाइट या मऊ दगडाच्या, चौकोनी आणि दोन ते चार सेंटिमीटर आकाराच्या असतात. कोरून झाल्यावर त्या भाजून कठीण व पांढऱ्या केल्या जात. हडप्पा येथील अशी एक मुद्रा अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७५ मध्ये प्रसिद्ध केली होती. मात्र तिचे खरे महत्त्व उमगण्यास १९२४ साल उजाडावे लागले. चर्टची घनाकृती वजने १, २, ४, ८, १६ अशा दुपटीच्या क्रमात असून सर्वाधिक आढळणारे वजन सुमारे १३.७ ग्रॅमचे आहे. तांबड्या कार्नेलियनवर क्षाराने पांढरी नक्षी उमटविलेले मणी थेट मेसोपोटेमियातील ऊर येथील थडग्यांत मिळाले आहेत.

तुर्कमेनिस्तान आणि उत्तर अफगाणिस्तानातील बॅक्ट्रिया-मार्जियाना संस्कृतीच्या तांब्याच्या जाळीदार मुद्रा आणि दोन रंगांच्या दगडांतून जुळविलेल्या आसनस्थ स्त्रीमूर्तीही प्रसिद्ध आहेत. व्हिक्टर सारियानिदी यांनी उत्खनन केलेल्या गोनूर देपे येथे हत्ती व सिंधू लिपी असलेली मुद्रा सापडली. ती त्या थरात, त्या जागी मिळाली, म्हणूनच दोन संस्कृतींच्या संबंधांचा पुरावा ठरली.

संदर्भ हरवला की

वस्तू कोणत्या थरात, कशाच्या शेजारी मिळाली ही माहिती वस्तूइतकीच मोलाची असते. १९७० च्या दशकात उत्तर अफगाणिस्तानातील थडगी मोठ्या प्रमाणावर खणली गेली आणि तेथील वस्तू काबूलच्या बाजारातून परदेशी गेल्या. त्या आज संग्रहालयांच्या काचेआड दिसतात, पण कोणत्या थडग्यातील, कोणाच्या, हे सांगणारे कोणी उरले नाही.

आकाराने मोठे, पण बोलके उदाहरण महाराष्ट्रातीलच आहे. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील दायमाबाद येथे १९७४ मध्ये हत्ती, गेंडा, म्हैस आणि बैलगाडीसारखा रथ अशा चार धातुमूर्ती गावकऱ्यांना योगायोगाने मिळाल्या. त्या उत्खननातील थरांतून आल्या नसल्याने त्यांच्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद राहिले. त्या सरकारजमा झाल्या, म्हणून निदान त्यांचे गाव तरी ठाऊक आहे. विकल्या गेलेल्या वस्तूचे तेवढेही कळत नाही.

खरे आणि बनावट

बाजारात नकली मालाची कमतरता नाही. मण्याचे भोक हा एक उपयुक्त पुरावा असतो. प्राचीन कारागीर सामान्यतः दोन्ही टोकांकडून भोक पाडीत, त्यामुळे मध्यभागी जोड जाणवतो आणि कडा दोऱ्याने झिजलेल्या असतात. मृण्मूर्तीसाठी थर्मोल्युमिनिसन्स चाचणी वापरतात. ती माती शेवटची केव्हा भाजली गेली हे सांगते. परंतु जुन्या तुकड्यांना नवे अवयव जोडले असल्यास एका जागेच्या नमुन्यावरून फसगत होऊ शकते.

कायदा काय सांगतो

पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ हा १९७६ पासून अमलात आला. त्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरते; हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. अधिसूचित वर्गांतील वस्तूंची नोंदणी बंधनकारक आहे, व्यापाराला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला निर्यात करता येत नाही. बेकायदा निर्यातीस किमान सहा महिने ते तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जमिनीत दडलेल्या, दहा रुपयांहून अधिक किमतीच्या वस्तूची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी, असे १८७८ चा निखात निधी कायदा सांगतो. शेतात नांगराला लागलेल्या ठेव्यालाही तो लागू होतो.

आंतरराष्ट्रीय पातळीवर युनेस्कोचा १९७० चा करार हा मापदंड मानला जातो. फ्रान्सच्या सीमाशुल्क विभागाने जप्त केलेल्या, बलुचिस्तानातून चोरट्या मार्गाने आलेल्या चारशेहून अधिक वस्तू २०१९ मध्ये पाकिस्तानला परत मिळाल्या.

म्हणून संग्राहकाने खरेदीपूर्वी वस्तूचे वय विचारण्याआधी तिचा प्रवास विचारावा : ती कोठे मिळाली, कोणाकडे होती, केव्हापासून, आणि त्याची कागदपत्रे कोणती. विक्रेत्याकडे उत्तर नसेल, तर वस्तू खरी असण्याची शक्यता हीच ती न घेण्याचे सर्वांत मोठे कारण ठरते.