कानांची साक्ष

२ एप्रिल १९३२ची रात्र. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात सेंट रेमंड्स दफनभूमीबाहेर प्रसिद्ध वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग गाडीत बसला होता. त्याचा २० महिन्यांचा मुलगा महिन्याभरापूर्वी घरातून पळवला गेला होता. मध्यस्थ डॉ. जॉन कॉन्डन खंडणीचे ५०,००० डॉलर द्यायला निघाले, तेव्हा अंधारातून कुणीतरी त्यांना हाक मारली. लिंडबर्गने दुरून ऐकली ती एवढी हाकच.

सप्टेंबर १९३४मध्ये ब्रूनो हाउप्टमान हा जर्मन सुतार पकडला गेला. तेवढ्या आवाजावरून माणूस ओळखणं फार अवघड आहे, असं लिंडबर्ग आधी ग्रँड ज्युरीपुढे म्हणाला. मग सरकारी वकिलाच्या कचेरीत हाउप्टमानकडून ते शब्द वदवून घेतले गेले. जानेवारी १९३५मध्ये फ्लेमिंग्टनच्या न्यायालयात त्याच लिंडबर्गने ठामपणे सांगितलं, तो आवाज हाउप्टमानचाच होता. ३ एप्रिल १९३६ला हाउप्टमानला विजेच्या खुर्चीत बसवण्यात आलं.

निकाल फक्त आवाजावर उभा नव्हता. त्याच्या गॅरेजमध्ये खंडणीतल्या नोटा सापडल्या होत्या. हस्ताक्षर आणि शिडीच्या लाकडाचाही पुरावा होता. पण मधल्या अडीच वर्षांत साक्षीदाराची स्मृती सुधारली कशी?

१९३७मध्ये फ्रान्सेस मॅकगी या मानसशास्त्रज्ञ बाईंनी हे मोजलं. विद्यार्थ्यांना पडद्याआडून अनोळखी माणसाचं वाचन ऐकवलं आणि नंतर पाच आवाजांतून तो ओळखायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी ८३ टक्के बरोबर ठरले, तीन महिन्यांनी ३५ आणि पाच महिन्यांनी १३. पाचांपैकी एक डोळे मिटून निवडला, तरी २० टक्के वेळा बरोबर येतो!

मी सॉफ्टवेअर लिहितो. आवाज ओळखणाऱ्या प्रणालीला आमचा पहिला प्रश्न असतो, ती भलत्याच माणसाला किती वेळा 'हाच तो' म्हणते? साक्षीदाराच्या बाबतीत मात्र आपण त्याचा ठामपणा पाहतो, आणि ठामपणा स्मृतीसारखा दिवसागणिक झिजत नाही. नंतर एकाच संशयिताचा आवाज ऐकवला, तर तो उलट वाढूही शकतो.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये मॅजिस्ट्रेटला आरोपीच्या आवाजाचा नमुना घेण्याचा आदेश देण्याची मुभा दिली. ध्वनिमुद्रण असलं, की दोन आवाज शेजारी ठेवून पुन्हापुन्हा तपासता येतात. नुसत्या कानावर विसंबायचं, तर किती दिवसांनी ओळखलं आणि किती आवाजांतून, हे दोन आकडे न्यायालयाने आधी मागायला हवेत. लिंडबर्गच्या साक्षीत ते होते २९ महिने आणि एक.