बेदरकार कृत्यातून मृत्यू : पती-पत्नींची फौजदारी जबाबदारी

पती किंवा पत्नीच्या अविचारी अथवा निष्काळजी कृत्यामुळे जोडीदाराचा वा तिऱ्हाइताचा जीव गेल्यास गुन्ह्याचे उत्तरदायित्व कोणावर आणि किती, हा फौजदारी कायद्यातील प्रश्न. विवाहामुळे हे उत्तरदायित्व एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही आणि मृत व्यक्ती घरचीच होती म्हणून ते कमीही होत नाही. कृत्य करणाऱ्याला त्या वेळी परिणामाची कितपत जाणीव होती, यावर सारे ठरते.

या विषयातील पायाभूत निवाडा मुंबई उच्च न्यायालयाचा, १८७६ मधील गोविंदा खटल्याचा आहे. अठरा वर्षांच्या गोविंदाने पंधरा वर्षांच्या पत्नीला लाथ मारली, पाठीत बुक्के घातले व ती खाली पडल्यावर छातीवर गुडघा रोवून तोंडावर ठोसे लगावले. कवटी फुटली नाही, परंतु मेंदूवर रक्तस्राव होऊन ती मरण पावली. दोन न्यायाधीशांत मतभेद झाल्याने प्रकरण न्या. मेल्व्हिल यांच्याकडे गेले. ठार मारण्याचा हेतू नव्हता आणि असे ठोसे सर्वसाधारणपणे मरण आणण्यास पुरेसे नसले तरी त्यांनी मृत्यू संभवतो, असे मानून त्यांनी हा खून नव्हे तर सदोष मनुष्यवध ठरवला व सात वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा दिली. दोन गुन्ह्यांमधील सीमारेषा स्पष्ट करणारा म्हणून हा निवाडा आजही अभ्यासला जातो. मात्र ती रेषा एका अल्पवयीन पत्नीच्या मृत्यूतून आखली गेली, हे विसरता कामा नये.

हेतू व जाणीव दोन्ही नसून केवळ बेदरकारपणा किंवा हयगय असेल, तर भारतीय न्याय संहितेचे कलम १०६(१) लागू होते. जुन्या दंडसंहितेच्या कलम ३०४-अ मधील कमाल दोन वर्षांची कैद १ जुलै २०२४ पासून पाच वर्षांवर गेली. वाशीमसारख्या सोयाबीन-तुरीच्या जिल्ह्यात याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे रानडुकरे व रोही यांच्यापासून पीक राखण्यासाठी शेताच्या कुंपणात सोडलेला विजेचा प्रवाह. अशा तारेला पत्नीचा हात लागला काय किंवा शेजाऱ्याचा, प्रवाह सोडणाऱ्याची जबाबदारी टळत नाही. आपल्या शौचालयात परके येऊ नयेत म्हणून जिवंत तार लावणाऱ्या बिहारमधील इसमाची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये कायम केली, आणि मृत व्यक्ती विनापरवाना आत शिरली होती हा बचाव फेटाळला.

दुसऱ्या जोडीदाराला, तो त्याच घरात राहतो एवढ्यावरून, आरोपी करता येत नाही. तार जोडण्यात त्याचाही हात असल्यास तो स्वतःच्या हयगयीसाठी उत्तर देतो. गुन्हेगाराला आश्रय देण्याच्या कलम २४९ मधून पती-पत्नींना सूट आहे. पुरावा नाहीसा करण्याच्या कलम २३८ मध्ये ती नाही. म्हणून पतीला वाचवण्यासाठी रात्रीतून तार काढून टाकणारी किंवा मृतदेह हलवणारी पत्नी स्वतंत्र गुन्ह्यात सापडते, आणि खेड्यापाड्यांत ही गोष्ट ठाऊक असणे फार निकडीचे आहे.

कलम १०६(१) चा खटला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालतो, तर सदोष मनुष्यवधाचा सत्र न्यायालयात. वाशीमच्या सत्र न्यायालयाने दिलेल्या शिक्षेविरुद्धचे अपील मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे जाते.