पाचगणीचा फारुख, वेम्ब्लीचा फ्रेडी

परवा नंदुरबारात माझ्या दोन भाच्यांत वाद रंगला. विषय होता क्वीन या ब्रिटिश बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी. मूळचा हा फारुख बुल्सारा. आडनाव आपल्या शेजारच्या वलसाडचे, जन्म १९४६ साली झांजिबारचा आणि शाळा पाचगणीची! तिथल्या सेंट पीटर्समध्ये शाळकरी बँडात तो पियानो वाजवी.

१३ जुलै १९८५ रोजी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर इथिओपियातील दुष्काळग्रस्तांसाठी ‘लाइव्ह एड’ हा जलसा झाला. क्वीनच्या वाट्याला जेमतेम वीस मिनिटे आली. त्या चित्रफितीवरून चाहत्यांत आजही दोन तट आहेत. थोरला भाचा म्हणाला, ‘मामू, मंचावर तो उंच सूर खाली आणतो. १९८१ च्या माँट्रियलच्या कार्यक्रमात आवाज जास्त कसदार होता.’ धाकटा म्हणाला, ‘पण सत्तर हजार माणसे त्याने गायला लावली!’

थोरल्याचे कान खोटे नाहीत. पण मुशायऱ्यात मी पाहिले आहे, घसा बसलेला शायर अर्ध्या शेरावर थांबतो आणि उरलेला शेर मैफल पुरा करते. सूर उतरतो, शेर मात्र पोचतो.

१९९१ मध्ये फ्रेडी गेला. ध्वनिमुद्रिकेत तो एकटा गातो, चित्रफितीत त्याच्याबरोबर अख्खे मैदान गाते. मी धाकट्याच्या बाजूने कौल दिला.