कोळसा, चव आणि विष

परभणी जिल्ह्यात जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरीचं धरण आहे. १९६८ साली बांधून पुरं झालं. पूर्णा तिथे पोचते ती कापूस-सोयाबीनच्या शिवारांतून. पिकावर फवारलेलं औषध पहिल्या पावसात ओढ्याला लागू शकतं. मग प्यायच्या पाण्यातून ते काढायचं कसं? तुरटीने गाळ बसतो, क्लोरीनने जंतू मरतात. विरघळलेलं कीटकनाशक मात्र बरंचसं तसंच राहतं. तिथे कामाला येतो कोळसा!

साधा नव्हे, सक्रिय केलेला. नारळाच्या करवंट्या कमी हवेत जाळायच्या आणि त्या कोळशातून तापलेली वाफ सोडायची. त्याला इतकी सूक्ष्म छिद्रं पडतात की एका ग्रॅमचं आतलं क्षेत्रफळ पाचशे ते हजार चौरस मीटर भरतं. सेंद्रिय रेणू त्या भिंतींना चिकटून बसतात.

गंमत अशी की कोळशाकडे माणूस विषासाठी वळलाच नव्हता. १७८५ साली रशियात लोवित्झला दिसलं की कोळसा द्रावणाचा रंग काढतो. मग साखर कारखान्यांनी तो उचलला. पहिल्या महायुद्धात तो विषारी वायूच्या मुखवट्यांत गेला. १९३० च्या सुमारास अमेरिकेत नळाच्या पाण्यात आला, तोही वास आणि चव सुधारायला.

धक्का बसला १९७४ साली. रॉटरडॅमच्या पाणीपुरवठ्यातल्या जोहान्स रूक यांनी दाखवलं की पाण्यातल्या कुजक्या पालापाचोळ्याच्या अंशाशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरोफॉर्म तयार होतो. म्हणजे शुद्ध करतानाच नवं विष! कोळशाचं महत्त्व तेव्हा खरं वाढलं.

आपल्याकडे ही चर्चा घराघरात पोचली फेब्रुवारी २००३ मध्ये. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने बाटलीबंद पाण्यात लिंडेन, क्लोरपायरिफॉस वगैरे सापडल्याचं जाहीर केलं. त्या पाण्याला ना वास होता, ना वेगळी चव. पुढे १ जानेवारी २००४ पासून बाटलीतल्या पाण्यासाठी कीटकनाशकांची मर्यादा कडक झाली.

तर मंडळी, स्वयंपाकघरातल्या फिल्टरचा कोळसा कधी बदललाय ते एकदा बघाच. छिद्रं भरली की तो नुसता शोभेला उरतो, आणि चवीवरून ते नेहमी कळेलच असं नाही. शिवाय फ्लोराइड, नायट्रेट यांच्यावर त्याचा फारसा इलाज चालत नाही.

असो. आपण हजारो रुपयांचं यंत्र भिंतीला लावतो. धरणाकाठच्या माणसाकडे नळाला येईल तेच पाणी असतं. त्याच्यासाठी कोळसा गावाच्या जलशुद्धीकरण केंद्रातच असायला हवा. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे औषध ओढ्याला लागूच न देणं.