राणीच्या पिरॅमिडमधले मंत्र

इजिप्तमध्ये सक्कारा इथे उनास राजाच्या पिरॅमिडमध्ये, इ.स.पू. २३५० च्या सुमारास, दफनाच्या खोलीच्या भिंतींवर पहिल्यांदा मंत्र कोरले गेले. मेलेल्या राजाने उठावे, आकाशात चढावे, देवांच्या पंक्तीला बसावे, यासाठी. राण्यांना स्वतःचे छोटे पिरॅमिड खुफूच्या काळापासून मिळत होते, पण आतल्या भिंती कोऱ्या असत. हा पायंडा पेपी दुसऱ्याच्या राण्यांपासून बदलला, असे बराच काळ मानले जाई; नेइथ, इपुत आणि वेजेबतेन या तिघींच्या पिरॅमिडमध्ये उत्खनक गुस्ताव्ह जेकिए यांना मंत्र सापडले होते. मग २००० साली फ्रेंच उत्खनकांना दक्षिण सक्काऱ्यात त्याच पेपीच्या आईच्या, अंखेसेनपेपी दुसरीच्या पिरॅमिडमध्ये मंत्रांचे तुकडे मिळाले आणि या प्रथेचे मूळ एक पिढी मागे गेले.

माझ्या मते हा मान तिला पत्नी म्हणून मिळालेला नाही. तिचा पती पेपी पहिला. नुबवेनेत आणि इनेनेक-इंती या त्याच्या इतर राण्यांचे पिरॅमिड तिथेच शेजारी आहेत. ते तिच्यापेक्षा लहान आहेत आणि त्यांत मंत्र नाहीत. नवरा एकच, जागाही एकच. फरक होता सत्तेचा. अंखेसेनपेपी अबायडोसच्या घराण्यातली. तिची आई नेबेत हिला वजीरपद होते, पुढे भाऊ जाउही वजीर झाला. बहिणीचा मुलगा राजा मेरेनरे वारल्यावर तिचा स्वतःचा मुलगा गादीवर आला, तेव्हा तो लहान होता, म्हणून राज्यकारभार तिच्या हाती आला. प्राचीन इतिहासकार मानेथोच्या परंपरेनुसार पेपी तेव्हा सहा वर्षांचा होता. ब्रुकलिन संग्रहालयात अलाबास्टरची एक मूर्ती आहे. राणी बसलेली, मांडीवर आडवा बसलेला पेपी. अंगाने तो बाळाएवढा, पण डोक्यावर राजाचे शिरोवस्त्र, आणि त्याच्या पावलांखाली वेगळा चौथरा. राजाचे पाय लोंबकळता कामा नयेत, एवढी काळजी शिल्पकाराने घेतली. तरीही आकाराने मोठी आहे ती आईच.

यावर कोणी म्हणेल, राजाचे मंत्र हळूहळू खाली झिरपतच होते, त्यात हिची पाळी आली इतकेच. पण नुसते झिरपणेच असते, तर तिच्या शेजारच्या सवती कोरड्या का राहिल्या? दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: नेइथ, इपुत, वेजेबतेन यांच्या हाती कधी राज्यकारभार असल्याचा पुरावा नाही, तरी त्यांना मंत्र मिळाले. मात्र त्या नंतरच्या, आणि तिच्याच मुलाच्या राण्या. आईला दिलेला अपवाद एकदा दगडात कोरला गेल्यावर तो सुनांना नाकारण्याचे कारण पेपीकडे उरले नव्हते.